वाफेचा आवाज

३ ऑगस्ट

चि. चिमणीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पोचल्याचं पत्र परवा मिळालं. तुझ्या आईने ते आधी दोनदा वाचलं आणि मग माझ्या हाती दिलं. मी फोनवर फार बोलत नाही म्हणून रुसू नकोस. लाईन हल्ली फार खराब असते, सगळे तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात. त्यापेक्षा पत्र बरं. ते पुन्हा वाचता येतं आणि मध्येच कोणी हातातून ओढून घेत नाही.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की खूप गर्दी झाली आहे, तीन दिवस झोप नाही आणि डोकं धरलं आहे. हे काही बरोबर नाही. एका खोलीत किती मुली कोंबल्या आहेत? वसतिगृहाच्या बाईंना भेटून स्पष्ट सांग. तुला संकोच वाटत असेल तर मी अर्ज लिहून पाठवतो.

कारखान्यात नवे साहेब आले आहेत. त्यांना कोणीतरी सांगितलं की बॉयलरवर डॉक्टर आहेत, तर ते बिचारे औषधांचं कपाट बघायला आले. मग मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि त्यांना दाखवलं की सगळे मला डॉक्टर का म्हणतात. त्यांना अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. ट्रॅप म्हणजे वाफेच्या नळीवरचा मुठीएवढा लोखंडी डबा. थंड झालेलं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत धरायची, एवढंच त्याचं काम. बिघडला की वाफही सोडतो आणि आतून सूं असा बारीक आवाज येतो. सूं नसेल तर रजिस्टरमध्ये ठीक लिहायचं. तीस वर्षं हेच करतो आहे म्हटल्यावर साहेबांनी हात मिळवला.

तुझ्या अभ्यासाचं नाव मला अजून पाठ होत नाही. अक्षय ऊर्जा आणि कर्ब व्यवस्थापन, एवढं म्हणेपर्यंत चहा निवतो. मी लोकांना सांगतो की एक चिमणी मी पेटती ठेवतो आणि दुसरी चिमणी तिचा धूर मोजायला शिकते आहे. आणि तुमचं ते निव्वळ शून्य, म्हणजे जेवढा धूर सोडला तेवढा शोषून हिशेब शून्यावर आणायचा. शाळेत गणितात शून्य आणलंस तेव्हा दोन दिवस घरात सुतक होतं, आता त्याच शून्यासाठी विद्यापीठात गेलीस.

कळावे. जेवणाकडे लक्ष दे. लोभ इथून रोज निघतो, पोचतो का ते कळव.

तुझे
बाबा


१४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गर्दीचं. बाबा, मी सर्दी म्हणाले होते. खूप सर्दी झाली आहे, तीन दिवस झोप नाही. ती आता बरी आहे. खोलीत आम्ही दोघीच आहोत, शिवाय खिडकीत एक कबुतर. तुमचा अर्ज आला असता तर वसतिगृहाच्या बाईंनी कबुतराला बाहेर काढलं असतं. पत्र वाचून मी आणि खोलीतली मैत्रीण पोट धरधरून हसलो.

ही मैत्रीण तीन वर्षं पवनचक्क्यांवर काम करून आली आहे. शिडीने ऐंशी मीटर वर चढून नटबोल्ट आवळायची. वर्गात बहुतेक सगळे असे काहीतरी करून आलेले आहेत, मीच एकटी सरळ पदवीनंतर आलेली. त्यामुळे आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शिकेने, पहिल्याच तासाला विचारलं की चालू कारखाना आतून किती जणांनी पाहिला आहे, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर गेला. मी सांगितलं की चालायला शिकले ती बॉयलर हाऊसच्या ओट्यावर. ते पूर्ण खरं नाही, पण वर्गात थोडं वजन पडलं.

आता कामाचं. आम्हाला प्रबंधासाठी एक चालू कारखाना घ्यावा लागतो. त्यात किती कोळसा जळतो, त्यातून किती कर्बवायू निघतो, किती वाचवता येईल आणि पुढे कोळशाच्या जागी सूर्याच्या उष्णतेवर किती काम भागेल, हे सगळं मोजून लिहायचं. जानेवारीत सल्लागार कंपन्या माणसं निवडायला येतात आणि त्या फक्त प्रबंध बघतात. मला तुमचा पुठ्ठ्याचा कारखाना घ्यायचा आहे. साहेबांना विचाराल का? तीन वर्षांची बॉयलरची रजिस्टरं मिळाली तर मी बाकी कोणाला त्रास देणार नाही.

आईला सांगा की स्वेटर मापात आहे. कळावे. माझ्यावरचा लोभ कमी करू नका, इथे त्याच्यावरच चाललं आहे.

तुमची
चिमणी


२७ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सर्दी असो की गर्दी, काळजी मात्र खरीच केली होती. ती परत मिळणार नाही.

साहेबांनी एका शब्दात होकार दिला. म्हणाले की डॉक्टरांची मुलगी कारखाना तपासणार असेल तर बाहेरचा माणूस कशाला. मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्स मशीनपाशी उभा होतो. चौदा रजिस्टरं आहेत. पहिल्या पाळीचं अक्षर माझं, ते तुला वाचता येईल. बाकी दोन पाळ्यांच्या अक्षरांबद्दल मी काही बोलत नाही, ते लोक भले आहेत.

दर मंगळवारी मी बासष्टच्या बासष्ट ट्रॅप फिरतो ते पानही जोडलं आहे. ते तुझ्या मॅडमना मुद्दाम दाखव. गेल्या दीड वर्षात एकही ट्रॅप खराब नाही. पूर्वी महिन्याला दोन-तीन बदलावे लागायचे. नवा माल चांगला येतो हे खरं, पण थोडं आपल्या हातातही असतं. कंपनीवाले प्रबंध बघतील तेव्हा त्यांना कळेल की एक तरी बॉयलर नीट सांभाळलेला असतो.

खरं सांगू का, फार बरं वाटलं. तीस वर्षं मी जे लिहिलं ते दर महिन्याला साहेबांची सही होऊन कपाटात जायचं. कोणी तरी ते वाचायला मागेल असं वाटलं नव्हतं, आणि ती तू असशील असं तर नाहीच.

कळावे. लोभाचं वजन झेरॉक्सच्या गठ्ठ्याहून जास्त आहे असं समज.

तुझे
बाबा


२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. चौदा रजिस्टरं संगणकात उतरवायला पाच आठवडे लागले. तुमचं अक्षर वर्गात फिरलं. मॅडम म्हणाल्या की इतकी स्वच्छ नोंद त्यांनी क्वचित पाहिली आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. एक टन पुठ्ठा करायला लागणारा कोळसा दीड वर्षापासून हळूहळू वाढतो आहे. शंभराला चार एवढी वाढ आहे. ऐकायला थोडी, पण वर्षाला जवळजवळ अठरा ट्रक कोळसा जास्त होतो. पुठ्ठ्याची जात बदलली का? कोळसा दुसऱ्या खाणीचा येतो का? नळ्यांवरचं वेष्टण कुठे उतरवलं आहे का? हे सांगितलंत तर मला पुढे जाता येईल. सूर्याच्या उष्णतेचा भाग सुरू करायचा तर मॅडमना आधी ही वाढ कुठून आली ते हवं आहे.

ट्रॅपबद्दल काही म्हणत नाही, ते तर सगळे ठीक आहेत. पण एवढे दिवस एकही खराब न होणं पुस्तकात कुठे सापडत नाही, म्हणून जरा आश्चर्य वाटलं.

कळावे. आईला नमस्कार, आणि तुमच्या लोभावर माझा हक्क कायम.

तुमची
चिमणी


११ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

पुठ्ठ्याची जात तीच आहे. कोळसा त्याच खाणीचा आहे. वेष्टण धड आहे, मी स्वतः हात लावून बघितलं. कोळसा ओला येतो एवढं मात्र खरं. शिवाय तिसऱ्या पाळीवाला भट्टीचं दार उघडं टाकून बसतो, ते रजिस्टरमध्ये लिहीत नसतात.

तुझ्या पुस्तकात सापडत नाही म्हणून ट्रॅप खराब व्हायला हवेत का? पुस्तक लिहिणाऱ्याने किती ट्रॅपना कान लावला आहे ते विचार. मी बासष्ट ट्रॅपना दर मंगळवारी लावतो. संगणकापुढे बसून आश्चर्य वाटून घेणं सोपं आहे.

हे जरा कडक झालं. पुन्हा लिहायला बसलो नाही कारण टपालाची वेळ झाली आहे. आकडे तुझे खरे असतील. पण डॉक्टर म्हणून घरच्याच माणसाने नाडी धरली की बरं वाटत नाही.

नोव्हेंबरात सुट्टी आहे तेव्हा ये आणि स्वतः बघ. लोभ आहेच, आज थोडा घुश्शात आहे.

तुझे
बाबा


२० ऑक्टोबर

चि. चिमणीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात त्याचा उल्लेख करू नकोस.

तू काय लिहिलंस मला ठाऊक नाही, पण हे चार दिवस गप्प आहेत. एरवीही हल्ली घरात बोलणं कमीच झालं आहे. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की हो म्हणतात. परवा विचारलं की पोळ्या आत्ता करू की मागाहून, त्यालाही हो. पाठमोरे असले की हाकेला ओ देत नाहीत. आधी मला वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मुद्दाम करत असतील. पण टीव्हीचा आवाज एवढा असतो की आपल्या बातम्या शेजारी त्यांच्या घरात बसून ऐकतात. कुकरजवळ बसवून शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर पेपर वाचत बसले आणि कुकर तळापर्यंत करपला. म्हणाले की शिट्टी झालीच नाही. मी दाखवायला मुद्दाम पुन्हा कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर हसून म्हणाले की डॉक्टर काय डॉक्टरकडे जाणार. कामावर सगळं व्यवस्थित आहे असं म्हणतात, तेव्हा मी गप्प बसले. वय झालं की व्हायचंच. तू येशील तेव्हा गोडीने सांगून बघ, तुझं ऐकतात.

खोकल्याचं औषध संपवलंस का? माझा लोभ विचारून घ्यायचा नसतो, तो डब्यातून येतो.

तुझी
आई


१६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परत पोचून पाच दिवस झाले. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं आहे.

त्या मंगळवारी तुम्ही मला बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यांसमोर नेलंत. फोरमनकाकांना सांगितलंत की आता खरी डॉक्टरीण आली. विद्यापीठातून आणलेलं यंत्र माझ्या हातात होतं आणि हेडफोन माझ्या कानाला होते. ते यंत्र बारीक आवाज मोठा करून ऐकवतं. तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर लावायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि ठीक म्हणायचं. मग मी यंत्र लावायचं. पहिले सहा ठीक होते. सातव्याला तुम्ही ठीक म्हणालात आणि माझ्या कानात असा सूं घुसला की मी हेडफोन काढून टाकला. तुम्हाला वाटलं की मला वाफेची भीती वाटली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

बासष्टपैकी एकोणीस ट्रॅप वाफ सोडत आहेत. एकोणीसही वेळा तुम्ही ठीक म्हणालात. मी एकोणीसही वेळा गप्प राहिले.

बाबा, तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सर्दीतला स ऐकू आला नाही आणि ट्रॅपमधला सूंही येत नाही. तुम्ही कधी खोटं लिहिलं नाहीत, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. तुम्हाला जे ऐकू आलं तेच लिहिलंत. सूं नाही म्हणजे ठीक. मी हे समोर सांगायला हवं होतं. आणखी दोन दिवस हातात होते आणि माझी हिंमत झाली नाही.

प्रबंधाची एक प्रत कारखान्यालाही द्यायची आहे. तुमच्या सहीचं पान त्यात आलं तर बॉयलरवरून तुम्हाला काढतील, हे मला कळतं. निवृत्तीला सतरा महिने उरले आहेत आणि तुम्हाला त्या बॉयलरपाशीच निवृत्त व्हायचं आहे. एक वाट आहे. आमच्या अभ्यासात पहिल्या पानावर सीमा आखावी लागते, म्हणजे काय मोजणार आणि काय नाही. ती मी बॉयलरच्या दारापाशी आखली की नळ्या आणि ट्रॅप बाहेर राहतात. एकही आकडा खोटा होत नाही. तुमचं नाव न घेता मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की सीमा आखणं विद्यार्थ्याच्या हातात असतं, फक्त ती तिथेच का आखली ते लिहावं लागतं. ते कारण मला लिहिता येत नाही. आणि ट्रॅपचं पानही लिहिता येत नाही.

१० डिसेंबरला प्रबंध द्यायचा आहे. तुम्ही सांगाल तिथे सीमा आखीन. तोवर पहिलं पान कोरं आहे.

रागवायचं असेल तर रागवा, पण उत्तर पाठवा. मला तुमचा लोभ पाहिजे, दुसरं काही नको.

तुमची
चिमणी


२६ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि आठवडाभर खिशातच ठेवलं. मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

काल कारखान्याची सुट्टी होती. सकाळी चहा झाल्यावर म्हणाले की बूट घाल आणि माझ्याबरोबर चल. इतक्या वर्षांत मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं काही समारंभ आहे, म्हणून मी चांगली शाल घेतली. आत कोणी नव्हतं, बॉयलर मंद चालू होता. ह्यांनी माझ्या हातात तो लांब स्क्रू ड्रायव्हर दिला, मूठ माझ्या कानामागे नीट टेकवून दिली आणि सांगितलं की सूं आला तर मान हलव.

पहिल्या सहांना मी मान हलवली नाही. सातव्याला कानात असा किंचाळला की मी दचकलेच. मग आम्ही एकेक करत शेवटपर्यंत गेलो. मी मान हलवली की हे खिशातला कागद काढून खूण करायचे. तुझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला बासष्ट आकडे लिहून आणले होते. शेवटी खुणा मोजल्या तर एकोणीस. मग हे कोळशाच्या हातगाडीच्या काठावर बसले. मी शेजारी बसले, शालीची पर्वा केली नाही. ह्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग विचारलं की आपल्या फोनची लाईन कधी खराब होती का. मी सांगितलं की नाही, लाईन कायम चांगलीच होती.

मग हे रडले. तुला हे कळवू नको म्हणाले नाहीत, म्हणून कळवते.

ते स्वतः लिहिणार आहेत. तोवर पोटभर जेव आणि मन खाऊ नकोस. लोभ दोघांचा मिळून पाठवते.

तुझी
आई


१ डिसेंबर

चि. चिमणीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला त्याबद्दल माफी. आधी तुझ्यावर रागावून झालं, मग यंत्रावर, मग ट्रॅप बनवणाऱ्यांवर. तुझ्या आईवर रागावायला काही कारण मिळालं नाही, नाहीतर तेही केलं असतं. शेवटी बासष्ट ट्रॅप तिच्या कानांनी तपासले आणि माझं म्हणणं संपलं. तिचे कान उत्तम आहेत. हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं, मला आता कळलं.

परवा साहेबांना जाऊन सांगितलं. एकोणीस नंबर लिहून दिले आणि खाली लिहिलं की दीड वर्षाच्या तपासण्या चुकल्या आहेत, कारण मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. खाली तारीख आणि सही. ते वाक्य लिहायला अर्धा तास लागला. साहेब चांगले वागले. त्यांनी विचारलं की हे कोणी शोधलं. मी सांगितलं, माझ्या मुलीने. ते म्हणाले की तिने घरातल्या घरात मिटवायला हवं होतं. मी म्हणालो की घरात तिने सांगितलं, इथे सांगायचं तिने माझ्यावर सोडलं.

बॉयलरवरून मला काढलं आहे. नियमच तसा आहे, त्यांचा इलाज नाही. कालपासून मी पाण्याच्या तपासणीच्या टेबलावर आहे. खिडकीतून चिमणी दिसते. वाईट वाटलं का विचारशील तर हो, फार वाटलं. सकाळी पाय आपोआप बॉयलर हाऊसकडे वळले आणि दारातून परत फिरलो. एकोणीस ट्रॅपची मागणी गेली आहे, कपाटात शिल्लक होते ते आठ बदलून झाले. कानाच्या डॉक्टरलाही दाखवलं. कानात घालायचं यंत्र तीन आठवड्यांत येईल. त्याने विचारलं की काय काम करता. मी सांगितलं की मीही डॉक्टर होतो.

आता सीमेचं. ती बॉयलरच्या दारापाशी आखू नकोस. बॉयलरपासून शेवटच्या ट्रॅपपर्यंत, आणि ट्रॅपला कान लावणाऱ्या माणसापर्यंत सगळं आत घे. वर्षाला अठरा ट्रक कोळसा जास्त जळला आणि त्याचा धूर वर गेला, तो माझ्या सहीने गेला. मी तिथे होतो. मला बाहेर ठेवून तुझं शिक्षण पुरं होणार असेल तर ते मला नको. आकडा कमी करू नकोस आणि माझ्यासाठी एखादा मऊ शब्दही शोधू नकोस. वाटलं तर एवढं लिही की माणसाचे कानही वर्षातून एकदा तपासावेत. तेवढं एक वाक्य माझ्याकडून.

तुझ्या आईने सांगितलं की प्रबंध सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा असतो आणि घरच्यांना येता येतं. आम्ही दोघं येतो आहोत, रजा मांडली आहे. यंत्र तोवर आलं नसेल, म्हणून माझ्यासाठी पहिल्या बाकावर जागा धर. आणि त्या एकोणीस ट्रॅपचं पान आलं की आवाज खाली आणू नकोस, उलट जरा मोठ्याने वाच. मला ते ऐकायचं आहे.

कळावे. लोभ आहे, राग संपला आहे.

तुझे
बाबा